अर्धी वाटी बदलायची, पण कुठली?

(हे प्रकरण पुण्यातलं आहे. रुग्ण आणि कुटुंबाच्या परवानगीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. डॉक्टर आणि रुग्णालयं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.)

पार्श्वभूमी

पुण्यात गुडघ्याच्या ऑपरेशनला सगळे ‘वाटी बदलणं’ म्हणतात. वाटी म्हणजे गुडघ्यावरचं ते पुढचं गोल हाड. प्रत्यक्षात बदलतात ते मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे एकमेकांवर टेकतात ते पृष्ठभाग. वाटीला अनेकदा हातही लावत नाहीत. पण शब्द रुळला तो रुळलाच, आणि सांध्याचा एकच कप्पा बदलायचा असला की ती ‘अर्धी वाटी’ होते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसातून चार वेळा हा शब्द ऐकते आणि आता मीही तो वापरते.

या प्रकरणातल्या काकूंचं वय ६१. शाळेतून निवृत्त. पेठेतल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. वजन ७४ किलो, उंची पाच फूट, मधुमेह आठ वर्षांपासूनचा. उजवा गुडघा चार वर्षं दुखत होता. दुखणं आतल्या बाजूला, एका बोटाने दाखवता येईल इतकं ठरावीक जागी. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यातून निघाली की हडपसर, दिवे घाट करत सासवडपर्यंत चालायचं हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. दोन वर्षं तो मोडला होता. पहिल्याच भेटीत त्यांनी मला दुखण्याबद्दल कमी आणि वारीबद्दल जास्त सांगितलं.

अडचण

पहिलं वर्ष एका एक्स-रेने वाया गेलं. तो झोपून काढलेला होता. झोपलेल्या माणसाच्या गुडघ्यावर भार नसतो, त्यामुळे हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजून गेलेली असली तरी दोन हाडांमध्ये फट दिसते. त्या फटीच्या भरवशावर गोळ्या, मलम आणि शेक चालू राहिला. पुढे उभं राहून एक्स-रे काढला तेव्हा आतल्या कप्प्यात हाडाला हाड लागलेलं होतं. बाहेरचा कप्पा मात्र चांगला होता.

मग पहिल्या सर्जनने सांगितलं, दोन्ही गुडघे पूर्ण बदलून टाका, एकदाच होऊन जाईल. डावा गुडघा तेव्हा जेमतेम कुरकुरत होता. दुसऱ्या सर्जनने अर्ध्या सांध्याचा पर्याय सांगितला, सरकत्या गादीचा (गादी म्हणजे नव्या सांध्यात मध्ये बसवतात तो प्लॅस्टिकचा तुकडा). तिसऱ्यानेही अर्धाच सांगितला, पण स्थिर गादीचा. काकूंचा मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे. त्याने तिन्ही मतांची एक्सेल शीट बनवली, अकरा रकान्यांची. काका म्हणाले, “तीन डॉक्टर, तीन वाट्या, आणि गुडघा एकच.” शीट घेऊन तिघं माझ्याकडे आले ते दिवाळीनंतरच्या आठवड्यात.

पर्याय

आधी पूर्ण की अर्धा, हा प्रश्न. गुडघ्यात तीन कप्पे असतात: आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. झीज फक्त आतल्या कप्प्यात असेल, पुढचा क्रूसबंध, म्हणजे ज्याला सगळे एसीएल म्हणतात तो, शाबूत असेल आणि वाकलेला पाय हाताने जोर दिल्यावर सरळ होत असेल, तर अर्धा सांधा बसवता येतो. एसीएल तसाच राहतो, त्यामुळे गुडघा ‘आपला’ वाटतो असं रुग्ण सांगतात. रक्तस्राव कमी, घरी जाणं लवकर.

याची किंमतही आहे. इंग्लंड-वेल्सच्या सांधेबदलांच्या राष्ट्रीय नोंदवहीतल्या लाखभर ऑपरेशनांची तुलना २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. अर्ध्या सांध्यात मृत्यू, हार्ट अटॅक, रक्त चढवावं लागणं हे सगळं कमी निघालं, पण पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त. २०१९ साली त्याच नियतकालिकात आलेल्या आढाव्याप्रमाणे २५ वर्षांनी पूर्ण सांध्यांपैकी सुमारे ८२ टक्के टिकलेले असतात, अर्ध्यांपैकी सुमारे ७० टक्के. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ‘टॉपकॅट’ या चाचणीचे पाच वर्षांचे निकालही आले. ५२८ रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसं दोन गटांत वाटून पाहिलं. दुखणं आणि हालचाल यांत मोठा फरक निघाला नाही, खर्च मात्र अर्ध्या सांध्यात कमी.

मुलाने शीटमध्ये ‘७०’ लाल रंगात लिहून ठेवलं होतं. त्या आकड्यावर एक तळटीप हवी. अर्धा सांधा दुखला की तो काढून पूर्ण बसवणं तुलनेने सोपं असतं, म्हणून सर्जनही लवकर तयार होतात. पूर्ण सांधा तेवढाच दुखला तर ‘थोडं सोसा’ असं सांगितलं जातं. त्यामुळे पुन्हा झालेल्या ऑपरेशनांच्या मोजणीत सांध्याइतकाच सर्जनच्या तयारीचाही वाटा असतो.

हाड कापून पायाचा कोन बदलण्याची शस्त्रक्रियाही असते, पण ती तरुण आणि कमी झिजलेल्या गुडघ्यांची. काकूंसाठी तो विषय दोन मिनिटांत संपला.

खरी घासाघीस झाली ती गादीवर. अर्ध्या सांध्यात मांडीच्या हाडावर धातूची गोल टोपी बसते, नडगीच्या हाडावर धातूची तबकडी आणि मध्ये पॉलिथिलीनची गादी. स्थिर प्रकारात गादी तबकडीत घट्ट बसवलेली असते. सरकत्या प्रकारात ती तबकडीवर पुढेमागे सरकते. ही कल्पना १९७०च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडफेलो हे सर्जन आणि जॉन ओकॉनर हे अभियंते यांनी मांडली, म्हणून ती गादी आजही ‘ऑक्सफर्ड’ म्हणूनच ओळखली जाते. गोल टोपी खोलगट गादीत बरोबर बसते, भार मोठ्या जागेवर पसरतो आणि गादी फार कमी झिजते. स्थिर गादी जवळपास सपाट असते. गोल टोपी सपाटावर टेकली की भार छोट्या जागेत एकवटतो आणि वर्षं जातील तशी झीज होते.

एवढं ऐकलं की कोणीही सरकती निवडेल. मुलानेही तीच निवडली होती. पण सरकती गादी जागेवर राहते ती केवळ भोवतालच्या बंधांच्या ताणामुळे. ताण कमीजास्त झाला तर गादी निसटते, आणि निसटली की पुन्हा ऑपरेशन. उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघा पूर्ण दुमडणं जिथे रोजचं आहे अशा आशियाई रुग्णांमध्ये निसटण्याचं प्रमाण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा जास्त नोंदलं गेलं आहे. स्थिर गादीला ही भीती नाही, तिची दुखणी उशिरा येतात: झीज, तबकडी सैल होणं. दोन्ही प्रकारांची तुलना करणारे अभ्यास एकत्र केले तर एकूण निकालात ठळक विजेता निघत नाही. सरकती बिघडली तर लवकर बिघडते आणि स्थिर उशिरा, एवढंच.

तिसरा रकाना धातूचा. खोटे कानातले घातले की काकूंच्या कानाला पुरळ येतं. नेहमीची टोपी कोबाल्ट-क्रोमची असते आणि तिच्यात किंचित निकेल असतं. ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमची टोपीही मिळते. कातडीवर येणाऱ्या निकेलच्या पुरळाने गुडघ्यातला सांधा बिघडतो, याचा पुरावा तसा लंगडाच आहे.

चौथा रकाना रोबोटचा. पुण्यात सध्या चौकाचौकात रोबोटिक गुडघ्याचे फलक आहेत. रोबोटने हाडाचे काप ठरवल्याप्रमाणे अचूक येतात, हे खरं. पण सांधा कोणाला बसवायचा आणि कोणाला नाही हे रोबोट ठरवत नाही. इथे त्याचे वेगळे ७० हजार सांगितले होते आणि काकूंच्या पॉलिसीत रोबोटिक शस्त्रक्रियेला मर्यादा होती.

निर्णय कसा झाला

मी त्यांना शीट बाजूला ठेवायला सांगितली आणि अर्धा सांधा सुचवणाऱ्या दोन्ही सर्जनना विचारायला तीन प्रश्न लिहून दिले. वर्षाला गुडघ्याची किती ऑपरेशनं करता? त्यातले अर्धे सांधे किती? आणि त्यात हा प्रकार किती?

सरकत्या गादीवाल्यांनी मोकळेपणाने सांगितलं की महिन्याला एखादा अर्धा सांधा होतो. स्थिर गादीवाले आठवड्याला एक-दोन करत होते, त्यांच्या एकूण गुडघ्यांच्या जवळपास तिसरा हिस्सा. ज्या सर्जनच्या कामात अर्ध्या सांध्यांचा वाटा निदान २० टक्के असतो त्यांचे सांधे जास्त टिकतात, असं ब्रिटिश नोंदवहीतून दिसलं आहे. सरकत्या गादीत बंधांचा ताण मिलिमीटरच्या हिशेबाने जुळवावा लागतो. ते काम महिन्यातून एकदा करणाऱ्या हातात द्यावं का, हा खरा प्रश्न होता. आठवड्याला दोन सरकत्या गाद्या बसवणारा सर्जन समोर असता तर मी उलट सल्ला दिला असता.

काकूंनी स्वतः विचारलेला प्रश्न वेगळाच होता. “मांडी घालता येईल का, तेवढं सांगा.” पूजा त्या पाटावर बसून करतात. स्थिर गादीवाल्या सर्जनने उत्तर दिलं की बहुधा येईल, पण खात्री देणार नाही, आणि उकिडवं बसायचं टाळा. हे उत्तर ऐकून त्या जिना उतरता उतरता म्हणाल्या, “हा माणूस थापा मारत नाही.” माझ्या मते निर्णय तिथेच झाला. बाकीची दहा कारणं मागाहून जमवली गेली.

तरी एक अडथळा आलाच. एमआरआयच्या अहवालात लिहिलं होतं, ‘एसीएलला अर्धवट इजा’. एसीएल गेला असेल तर या वयात या रुग्णाला अर्धा सांधा नाहीच. घरात पुन्हा पूर्ण सांध्याची चर्चा सुरू झाली. सर्जनने गुडघा हाताने ओढून पाहिला, तो घट्ट होता. मग बाजूने काढलेला एक्स-रे दाखवला: नडगीच्या हाडाची झीज पुढच्या भागात होती, मागची कड शाबूत. एसीएल काम करत असेल तर झीज अशी पुढेच राहते, तो निकामी झाला की ती मागे सरकते. झिजलेल्या गुडघ्यात एसीएल एमआरआयवर बऱ्याचदा खराब दिसतो, प्रत्यक्षात तो काम करत असतो. पाय बाहेरून दाबून काढलेल्या एक्स-रेमध्ये आतली फट उघडली आणि बाहेरच्या कप्प्याची कूर्चा पूर्ण जाडीची दिसली. ठरलं असं: आत उघडून पाहायचं, एसीएल नसेल तर तिथेच पूर्ण सांधा बसवायचा. दोन्हीची संमती आधीच लिहून दिली.

धातूबद्दल कातडीवर पट्टीची चाचणी केली. निकेलला सौम्य लाली आली. सर्जनचं मत कोबाल्ट-क्रोम चालेल असं होतं, माझंही. काकांनी झिर्कोनियमचा हट्ट धरला. पुढे गुडघा कधीही दुखला तरी मनात निकेलचाच संशय राहील, असं ते म्हणाले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. किमतीचा बाऊ मात्र नको. गुडघ्याच्या इम्प्लांटवर राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ला कमाल किमती लावल्या. तेव्हा पूर्ण सांध्याच्या कोबाल्ट-क्रोम संचाला ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या संचाला ७६,६०० रुपये होते, जीएसटी वेगळा. ‘स्पेशल इम्प्लांट’मुळे बिल लाखाने वाढतं असं कोणी सांगितलं, तर इम्प्लांटचा आकडा वेगळा लिहून मागावा.

शस्त्रक्रिया आणि त्यानंतर

तारीख लगेच मिळाली नाही, आणि बरं झालं. काकूंनी दीड महिन्यापूर्वी दुसऱ्याच दवाखान्यात गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं होतं आणि ते कोणाला सांगितलं नव्हतं. जुनी पावती पिशवीत सापडली तेव्हा कळलं. इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बसवला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून थांबावं लागलं. तेवढ्यात तीन महिन्यांची साखर, एचबीएवनसी, ८.४ वरून ७.३ वर आली. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम झाले. जिन्याचा नियम पाठ झाला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दोन मजले चढून जायच्या घरात तो ऑपरेशनच्या आधीच अंगवळणी पडलेला बरा.

जानेवारीच्या अखेरीस ऑपरेशन झालं. एसीएल शाबूत निघाला. आतल्या कप्प्यात स्थिर गादीचा सांधा, झिर्कोनियमची टोपी, सिमेंटने बसवलेली. रोबोट नाही. त्याच संध्याकाळी वॉकर धरून उभ्या राहिल्या, तिसऱ्या दिवशी घरी. जिना चढायला अकरा मिनिटं लागली, मधल्या चौकात खुर्ची ठेवली होती. शेजाऱ्यांनी चहा विचारला, तो तिथेच घेतला.

सहा आठवडे सुरळीत गेले. सातव्या आठवड्यात सांध्याच्या थोडं खाली, नडगीच्या आतल्या बाजूला नवं दुखणं सुरू झालं. पहिली पावलं टाकताना कळ यायची. मुलाने पुन्हा शीट उघडली. त्याला वाटलं तबकडी सैल झाली. काकांना निकेल आठवलं, झिर्कोनियम असूनही.

अर्ध्या सांध्यानंतर नडगीच्या वरच्या टोकाशी असं दुखणं येणं नवं नाही. धातूच्या तबकडीखालच्या हाडावर भार नव्या तऱ्हेने येतो, हाडाला जुळवून घ्यायला महिने लागतात आणि बहुतेकांचं वर्षभरात शमतं. ताप नव्हता, सूज वाढलेली नव्हती, एक्स-रेमध्ये तबकडी जागेवर होती, रक्ततपासणी स्वच्छ. एक्स-रेत तबकडीखाली एक बारीक काळी रेघ मात्र दिसत होती. ही रेघ अर्ध्या सांध्यांत बऱ्याचदा दिसते आणि तेवढ्यावरून कोणी सांधा सैल ठरवू नये. नेमकी ही रेघ पाहून एका ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवरच ‘पुन्हा उघडावं लागेल’ असं सांगून टाकलं. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

आम्ही चालणं निम्म्यावर आणलं, काठी पुन्हा हातात दिली, सायकल चालू ठेवली. काकूंना रोजच्या दुखण्याला दहापैकी गुण द्यायला सांगितले. शिक्षिकेच्या वहीत तारखा, समास आणि लाल शाई. मार्चमध्ये सहा होते, मेअखेर दोन.

निकाल

पाचव्या महिन्यात गुडघा १२८ अंशांपर्यंत दुमडत होता. पाटावर मांडी जमते, पण उठताना एक हात टेकावा लागतो. जिना काठीशिवाय. एका रविवारी कोणालाही न सांगता त्या पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून आल्या आणि मला फोनवर ते पाप कबूल करावं तसं सांगितलं. मी रागावले, कारण उतरताना सांध्यावर जास्त भार येतो.

पालखी पुण्यातून निघाली तेव्हा त्या हडपसरपर्यंत चालल्या. दिवे घाटात बसने गेल्या. हे आधीच ठरलं होतं आणि त्याबद्दल त्या अजून माझ्यावर थोड्या नाराज आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला एक्स-रे उभं राहून काढायला हवा होता. तो सांगणं हे माझंही काम होतं. त्या वर्षात काकू आठ वेळा माझ्याकडे येऊन गेल्या होत्या आणि मी फक्त अहवाल वाचला, फिल्म कशी काढली ते विचारलं नाही.

इंजेक्शनची चौकशी ऑपरेशनच्या चर्चेच्या पहिल्याच भेटीत व्हायला हवी होती. ती पावती सापडली नसती तर काय, या विचाराने अजून अस्वस्थ व्हायला होतं.

नडगीचं दुखणं येऊ शकतं हे ऑपरेशनच्या आधी कोणीच सांगितलं नाही. मीही नाही. आता मी अर्ध्या सांध्याच्या प्रत्येक रुग्णाला ते वहीत लिहून देते: दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात आतल्या बाजूला दुखलं तर घाबरू नका, पण ताप, लाली, स्राव किंवा अचानक टेकता न येणं यातलं काही असेल तर त्याच दिवशी दाखवा.

रोबोट न घेतल्याने काही बिघडलं का, हे एका गुडघ्यावरून सांगता येणार नाही. झिर्कोनियमबद्दल मी अजून काकांशी सहमत नाही. त्यांना मात्र रात्री झोप लागते.

आणि एक लहानसं, पण घरोघरी राहून जाणारं. इम्प्लांटच्या प्रत्येक भागाच्या खोक्यावर नाव, माप आणि लॉट क्रमांकाचं स्टिकर असतं. ते रुग्णालयाच्या कागदांवर चिकटवतात आणि घरी जाणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर बऱ्याचदा येत नाही. काकूंचंही आलं नव्हतं. वीस वर्षांनी गादी बदलायची वेळ आली तर पुढच्या सर्जनला पहिला प्रश्न पडेल तो हाच, की आत नेमकं काय बसवलं आहे. काका तीन वेळा रेकॉर्ड विभागात खेटे घालून त्या पानाची प्रत घेऊन आले. ती आता देवघराच्या खणात आहे, तीन प्रती काढून, प्लॅस्टिकमध्ये घालून. डाव्या गुडघ्याचा उभ्याने काढलेला एक्स-रेही त्याच खणात आहे. तो अजून चांगला आहे.